कर्णे गाडीतच राहिले

४ मार्च
दवाखान्याचा बाळंतपणाचा विभाग बंद होणार, म्हणून पोरापोरींनी फाटकासमोर बैठक मांडलीय. मी भाड्याचे कर्णे घेऊन हजर — आणि हवालदार म्हणतो, "कर्ण्याला परवानगी नाही." झालं! सायकलवर एक भोंगा बांधून सुरू केलेला धंदा, आज तीन गाड्या. आवाज न करता परतायची वेळ पहिल्यांदाच. म्हटलं, यांना आता ऐकतंय कोण? गंमत बघायला थांबलो.
चष्मेवाली पोरगी उभी राहिली. एक वाक्य बोलली. पुढच्या रांगेनं तेच मोठ्यानं मागे दिलं, तिथून आणखी मागे. शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ! ना शिट्टी, ना घरघर. म्हटलं, हे असं पसरलं तर आपला धंदाच बसला!
पोरगी आमच्या लेकीच्या वयाची असेल.

५ मार्च
लेकीचा फोन. दोन वर्षं झाली, परक्या शहरात आहे. घरी फिरकलेली नाही. "बरी आहे. जेवले. ठेवू?" मी खोली, साहेब, तब्येत — सगळ्यांवर सल्ले दिले. मधेच तिचं "हं" लांबून आलं. कान तिखट ना आपले! फोन टेबलावर ठेवून काहीतरी आवरत होती.
ही म्हणाली, "तुम्ही दम खायला थांबलात की तिला वाटतं, संपला फोन."

७ मार्च
काम नसताना पुन्हा गेलो. फाटकाजवळचा फळवाला तावातावानं मधे उभा राहिला. "ही पोरं रिकामटेकडी आहेत!"
पहिली रांग — "ही पोरं रिकामटेकडी आहेत!" दुसरी, तिसरी, अगदी इमानदारीत! मी हसून हसून गाडीला टेकलो. फळवाला गांगरला. "माझं गिऱ्हाईक तुटतंय!" तेही मागेपर्यंत गेलं. मग त्याचा आवाजच बसला. "माझ्या सुनेला सातवा लागलाय."
हे पोरांनी हळू म्हटलं. शेवटच्या रांगेतल्या मिशाळ पोरानं तर असं, जणू हातात बाळच दिलंय.
फळवाला तिथेच खाली बसला.
चष्मेवालीला विचारलं, "विरोधातलंही कशाला म्हणता गं?"
"काका, म्हणायचं तर आधी नीट ऐकावं लागतं. उत्तर मग देता येतं. कधीकधी लागतच नाही."

९ मार्च
मलाही रांगेत बसवलं. सारखा चुकलो! माझ्या तोंडून निघताना प्रत्येक वाक्याला शेपूट फुटतं. मिशाळ ओरडला, "काका, तुमचं नाहीये ते, नुसतं पुढे द्या!"

११ मार्च
दवाखान्याचे मोठे साहेब बाहेर आले. विभाग तूर्त चालू राहील म्हणाले. पोरांनी त्यांचंही वाक्य म्हटलं, "तूर्त" मोठ्यानं!
बैठक उठली. घरी आलो, घर गप्प. लेकीच्या खोलीतला पंखा उगाच लावला. अजून कुरकुरतो. बराच वेळ ऐकत बसलो.

१२ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, मी इथली नोकरी सोडतेय."
चार सल्ले जिभेवर आले. गिळले. म्हटलं, "तू तिथली नोकरी सोडतेयस."
पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज.
"बाबा... अजून आहे. ऐकताय ना?"