आजारी पेलिकन आणि मर्सी चषक

डेव्हनपोर्ट, टास्मानिया
मंगळवार, ८ जुलै २०२५

प्रिय बेव्ह आत्या,
सादर नमस्कार.

ईस्टरला तुझं कार्ड आलं, त्याचं उत्तर आज लिहितो आहे. मधल्या काळात झाडांची पानं गळून गेली आणि थंडी पडली. कामं फार होती असं लिहिणार होतो. पण नगरपालिकेत गटारांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला फार कामं असतात यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि ठेवलास तर मलाच अपराधी वाटेल. तेव्हा कारण काही नाही, क्षमा असावी.

तुझा नवा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आहे तर नेमाने जात जा. तलावात तुझी कोपऱ्यातली जागा अडवणाऱ्या त्या बाईशी भांडण मिटलं का? मिटलं नसेल तर घाईने मिटवू नकोस, तुझी तब्येत त्या भांडणावरच टिकून आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. लोकरीची टोपी मिळाली. बंडाबर्गच्या उकाड्यात बसून लोकर विणणारी अख्ख्या क्वीन्सलंडमध्ये तू एकटीच असशील. नाताळात शेजाऱ्यांबरोबर पाठवलेले आंबे मात्र पोचले नाहीत, विमानतळावरच्या कुत्र्याने पकडले. (शेजाऱ्यांनी ते लोकरीत गुंडाळले होते म्हणे. बाहेरचं फळ टास्मानियात आणू देत नाहीत हे तू इथे चाळीस वर्षं राहून विसरलीस, की कुत्र्याची परीक्षा घेत होतीस?)

मी ठीक आहे. कार्डात तू विचारलं आहेस, 'अजून ते टीव्हीवरचे खेळ खेळतोस का?' हो, खेळतो. सेहेचाळिसाव्या वर्षी हे लिहून द्यायला थोडं धैर्य लागतं, पण तूच विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो.

नवं यंत्र घेतलं. ते पांढरं, उभं आणि फुगीर आहे, आणि बैठकीच्या खोलीत कोणी पाहुणा कायमचा उभा असल्यासारखं वाटतं. त्याच्याबरोबर एक नवा खेळ आणला. खोक्यात तबकडी होती, पण तबकडीत खेळ नव्हता, खेळ उतरवून घ्यायची परवानगी होती. म्हणजे दुकानातून पाव आणावा आणि कागद उलगडल्यावर बेकरीचा पत्ता निघावा, तसं झालं. आमच्या इंटरनेटने तो खेळ दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत ओढत आणला. आल्यावर कळलं की तो अजून पुरा झालेलाच नाही, दुरुस्त्या मागून येत आहेत. या धंद्याबद्दल माझं मत असं झालं आहे की पूर्वी कंपन्या पुरा केलेला खेळ विकत आणि आता पुरा करण्याचं वचन विकतात. (हे लिहून झाल्यावर मला शंका आली. पूर्वीच्या खेळांतही चुका असायच्या, फक्त त्या कधीच दुरुस्त व्हायच्या नाहीत आणि आपण त्यांना 'अवघड टप्पा' म्हणायचो. तेव्हा हे मत अर्धं मागे घेतो.)

'पेलिकन डर्बी' तुला आठवत असेल. 'मुलं गप्प बसतात' असं सांगून दुकानदाराने तुझ्या गळ्यात मारलेला तो खेळ. चोचीत मासा धरून पेलिकन शर्यत लावतात, आणि मासा पडला की पेलिकन बाद. त्या एका खेळावर तुझ्या ट्रॉयचं आणि माझं बालपण तुझ्या बैठकीच्या गालिच्यावर गेलं. तो खेळ कंपनीने नव्या रंगरंगोटीसह पुन्हा काढला आहे. आता पेलिकनचं एकेक पीस मोजता येतं, आणि पीस मोजत बसलं की वळण चुकतं. तोच खेळ ते आता चौथ्यांदा विकत आहेत. (चारही वेळा घेणाऱ्यांत मी आहे. नावं ठेवताना हे सांगणं भाग आहे.)

आमचा जुन्या खेळांचा क्लब अजून दर शुक्रवारी संध्याकाळी, हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबच्या मागच्या खोलीत भरतो. पुढच्या खोलीत नेहमीप्रमाणे कच्च्या मटणाच्या ताटाची सोडत असते. मी अध्यक्ष आहे. किल्ल्या नोएलीनकडे असतात. ही शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल. ती फक्त ठोकळे रचायचा खेळ खेळते, आणि आम्हा सगळ्यांना अजून पुस्तक उशिरा परत करणारी पोरं समजते. वर्षातून एकदा 'मर्सी चषक' असतो. चषक नाहीच, तेही मटणाचं ताटच असतं, पण नदीचं नाव दिलं की वजन येतं. तो गेली कित्येक वर्षं आलटून पालटून तुझ्या चिरंजीवाकडे नाहीतर माझ्याकडे येतो आहे.

मार्चमध्ये क्लबात एक नवी बाई आली. चिहारू निशिओ तिचं नाव. दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, आमच्याच वयाची, जपानमधल्या कोबे शहरात वाढलेली. अतिशय सभ्य. 'पेलिकन डर्बी' मी लहानपणी पुष्कळ खेळले आहे, म्हणाली. ट्रॉय आणि मी आमचा नेहमीचा सामना लावला. ती मागे हात बांधून उभी राहून बघत होती. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "माफ करा, हे पेलिकन आजारी आहेत का?"

आता यातलं इंगित असं आहे. त्या काळी आपल्याकडचे टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं काढायचे आणि जपानमधले साठ. खेळ जपानच्या मापाने केलेला होता. आपल्याकडे पाठवताना माप बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, त्यामुळे आपल्या देशात तो खेळ सहाव्या हिश्श्याने हळू चालला. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या, त्या आपल्याला शोभेच्या वाटायच्या. संगीतही रेंगाळायचं. (तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "कोण गेलं रे?" आत्या, ती नाचाची धून आहे.) हे सगळं आम्हाला माहीत होतं, मासिकांत छापून आलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि घरी आलेल्या पाहुण्याने आपल्या पक्ष्यांच्या तब्येतीची चौकशी करणं वेगळं.

पुढच्या शुक्रवारी ती तिचं स्वतःचं यंत्र घेऊन आली. साठ चित्रांचा खेळ आम्ही पहिल्यांदा हातात घेतला. माझा पेलिकन पहिल्याच वळणावर थेट समुद्रात गेला. दुसऱ्यांदा दीपगृहावर आपटला. ट्रॉय म्हणाला, "हे पेलिकन नव्हेत, कुणी शेपटीला फटाके लावलेल्या कोंबड्या आहेत." सगळे हसले. ट्रॉय पण हसला. तो शेवटचा बरा शुक्रवार.

कारण नोएलीनने प्रश्न काढला की यंदाचा चषक कोणत्या वेगाने खेळायचा? आणि इथे मी अडकलो. दर वर्षी चषकाआधी मी एक भाषण करतो, की खेळ ज्यांनी घडवला त्यांच्या मनात होता तसाच खेळला पाहिजे. याच भाषणाच्या जोरावर मी रंगरंगोटीवाला नवा खेळ क्लबाबाहेर ठेवला आहे. नोएलीन चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "बोल ॲलिस्टर, तुझंच भाषण आहे. पाठ आहे की विसरलास?"

हात वर झाले, दोन्ही बाजूंना सारखे. निर्णय अध्यक्षावर आला. ट्रॉय हातातला सॉसेज-पाव तसाच धरून म्हणाला, "ए अल्या, नाटकं करू नकोस. आपला खेळ तो आपला खेळ."

मी म्हणालो की आपला खेळ म्हणजे खरं तर एक चूक होती.

"चूक?" तो म्हणाला. "माझ्या आईच्या घरात, माझ्या आईच्या पैशांनी, आपण दोघं जे काय खेळलो ती चूक? तुझा बाप गेला त्या वर्षी तू सहा महिने आमच्याकडे राहिलास, तेव्हा तुला ते पेलिकन हळू वाटले नाहीत ते?"

अशा वेळी माणसाने माघार घ्यावी. मी तत्त्वाने मत दिलं, साठच्या बाजूने. ट्रॉयने पाव टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि चिहारूला म्हणाला, "बाई, यात तुमचा काही दोष नाही हां." मग माझ्याकडे न बघता निघून गेला. चिहारूने आमची सगळ्यांची माफी मागितली, आणि मला वाटतं पेलिकनांचीही.

मेमध्ये चषक झाला. चिहारू जिंकली. मी दुसरा आलो असं क्लबाच्या फळ्यावर लिहिलं आहे. (बाकीचे सगळे बुडाले. मीही बुडालो होतो, पण सर्वांत शेवटी.) तिने ताटातले चॉप्स आणि सॉसेज तिथेच मागच्या अंगणात भाजून सगळ्यांना वाढले. वाढता वाढता तिने मला विचारलं, "ते उंच गृहस्थ, बोटीवर गाड्या लावणारे, ते आता येत नाहीत का? मी त्यांच्यासाठीच परत आले होते."

मी चॉप खाली ठेवला.

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी त्यांनी उतरता उतरता दुसरी उडी मारून पुढच्याच्या चोचीतला मासा काढून घेतला. आमच्याकडे हे कुणी कधी केलेलं नाही. आमच्या वेगात तेवढा वेळच उरत नाही. मला ते शिकायचं होतं."

ट्रॉयची चोरउडी तू शंभरदा पाहिली आहेस, आत्या. 'आई बघ, आई बघ' करून तो तुला इस्त्री सोडून यायला लावायचा. ती मला कधी जमली नाही. खेळ करणाऱ्यांच्या मनात ती नव्हती, कारण त्यांच्या खेळात ती शक्यच नाही. ती फक्त आपल्याकडच्या, कुणाच्या तरी आळसाने हळू झालेल्या खेळात होऊ शकते, आणि एका पोराने ती शोधून काढली. मग खेळ कोणाचा? ज्यांनी केला त्यांचा, की ज्यांच्याकडे तो बिघडून पोचला आणि ज्यांनी त्या बिघाडात राहून संसार केला त्यांचा? मी याच्यावर बराच विचार केला. माझं मत चूक होतं असं मला वाटत नाही. ते मत देणारा मी असायला नको होतो, एवढंच वाटतं. (की ही पळवाट आहे? रोजनिशीत दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. दोन्ही सारख्याच पटतात, म्हणजे त्यांतली एक तरी मी स्वतःला फसवायला लिहिली असणार.)

असो. बाकी सगळं शांत आहे. शुक्रवारही शांत असतात. ट्रॉयच्या खुर्चीवर आता कोट ठेवतात, सोय झाली. त्याची गाडी बंदरावर दिसते, म्हणजे तब्येत बरी असावी. नोएलीनला तो दुकानात भेटला होता. म्हणाला, "अल्याला सांग, माफी मागायची तर सावकाश माग, पन्नासच्या वेगाने. मला नीट ऐकू आली पाहिजे." यावर ती हसली आणि मीही हसलो.

खुब्याला जप. त्या बाईला कोपरा देऊ नकोस.

तुझा भाचा,
ॲलिस्टर

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. हे पत्र लिहायचं खरं कारण असं की तू ट्रॉयला एक फोन करावास. मी सांगितलं असं म्हणू नकोस. सहज म्हण, की शुक्रवारी जात जा, घरात बसून काय करतोस. तुझं तो ऐकतो. मी चार वेळा त्याच्या घरावरून गेलो, आणि चारही वेळा मला आधीच ठाऊक होतं की मी थांबणार नाही.

ता. क. दुसरं. वरचं वाचून पाहिलं. फोन करू नकोस. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने भांडण मिटवायला आत्याला मध्ये घालावं, हे बरं दिसत नाही. शिवाय तो लगेच ओळखेल. तू आयुष्यात कधी त्याला घराबाहेर जा म्हणाली नाहीस.

ता. क. तिसरं. आणखी एक गोष्ट राहिली. चषकानंतर क्लबातला जुना पन्नासवाला टीव्ही आणि ते यंत्र टाकून द्यायचं ठरलं. मी म्हणालो, कचरा डेपोवर मी नेतो. नोएलीन आणि चिहारूने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि तो पेटारा माझ्या गाडीत मागे ठेवला. डेपोच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. तेव्हापासून तो गाडीतच आहे. वजनाने गाडी मागे बसली आहे आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघतात. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मिचकावून मला शिव्या देतो. नोएलीनने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर खरं सांगावं लागेल, म्हणून तिच्याशी एकटा बोलायचं टाळतो. असं फार दिवस चालणार नाही.

उद्याचं काम: टीव्ही ट्रॉयच्या दारात नेणं. एकट्याने उतरत नाही, दुसरी बाजू त्यालाच धरायला सांगणं.