आधी विचारणारं टोकन

नाशिक,
६ एप्रिल २०२६

प्रिय नाथादादास,
सप्रेम नमस्कार.

घरच्या पत्त्यावर न लिहिता मार्केटातल्या आपल्या गाळ्यावर लिहिते आहे, म्हणजे पत्र आप्पांच्या आधी तुझ्या हाती पडेल. मी रोहितशी परस्पर लग्न केल्यापासून ते माझा फोन कापतात, आणि तुझ्याशी फोनवर मला धड बोलता येणार नाही. उन्हाळ कांदा निघाला का? तुझं पाठदुखीचं रडगाणं चालू असेलच! मी मजेत. रोहितही मजेत असेल.

तू चिडवायचास ना, "टोकन टोकन म्हणत तू करस तरी काय?" आज सांगतेच. टोकन म्हणजे ब्लॉकचेनवरची, सगळ्यांना दिसणारी मालकीची नोंद. ती कशी द्यायची-घ्यायची याचे ठरलेले नियम म्हणजे स्टँडर्ड. एक प्रकार लिलावातल्या ढिगासारखा; ह्यातला कांदा काढून त्यातला घातला तरी व्यापाऱ्याला फरक नाही. दुसऱ्यात प्रत्येक नग वेगळा, आईच्या पाटल्यांसारखा. बदली चालत नाही.

परवा आमच्या कंपनीच्या एका गिऱ्हाइकाने पहिल्या प्रकारचे टोकन चुकून अशा पत्त्यावर पाठवले, जिथे माणूस नव्हता, नुसता प्रोग्राम होता. आलेलं पुढे देणं त्याला शिकवलेलंच नव्हतं. आता ते तिथे सगळ्यांना दिसतात, पण कोणालाच काढता येत नाहीत. बिचारा सारखा विचारत होता, "पोचले ना? मग?" खोलीवर येऊन खूप रडले, दादा. दिवाळीला आईला पाठवलेली साडी आठवली. पोचल्याचा मेसेज आला होता. ती नेसली की आप्पांनी माळ्यावर टाकली, काही कळलं नाही.

दुसऱ्या प्रकारात एक सोय आहे. समोरच्या प्रोग्रामला आधी विचारता येतं, "तुला हे घेता येतं का?" होकार आला नाही, तर वस्तू पाठवणाऱ्याकडेच राहते. आपल्याकडे हे काम मुराळी करतो. लेकीला आखाजीच्या सणाला न्यायला माहेरचं माणूस आलं, की दार उघडं आहे हे तिला कळतं.

मागच्या आखाजीला मी न विचारताच घरी यायला निघाले होते. आपल्या नामपूरच्या स्टँडवर उतरले, रसवंतीत बसून राहिले आणि परतीच्या गाडीने आले. दारातून परत फिरवलं असतं तर मला सोसलं नसतं.

वर 'मजेत असेल' लिहिलं, कारण रोहित कुठे आहे मला ठाऊक नाही. दिवाळीआधीच सोडून गेला. आप्पांना 'मी म्हटलंच होतं' म्हणायला मिळू नये म्हणून कोणाला सांगितलं नाही. एकटीला फार खायला उठते रे ही खोली. आखाजीचा झोका बांधायला एक कडीसुद्धा नाही.

आखाजी तोंडावर आली. माझ्या लग्नाचा विषय निघाला की तू म्हणायचास, "मी येसु तुले लेवाले." येशील मला न्यायला? आधी आई-आप्पांना विचार. नाही म्हणाले तर तसंच कळव, मी रागावणार नाही. आहे तिथे राहीन. पण विचार.

अजून पाठवणाऱ्याकडेच असलेली,
तुझी वेदू