हाडात निजलेल्यांसाठी गाऱ्हाणं

सावर्डे

चि. वेदिकाबाई संशोधिका यांस सखूमावशीचा पोटभर आशीर्वाद. तिकडे पुण्याच्या प्रयोगशाळेत वेळेवर जेवतेस ना? इकडे आम्ही खुशाल आहोत, पण ही खुशाली कुजबुजून सांगावी लागते. त्याला कारण तू.

मागे तू फोनवर समजावलंस, की माझ्या छातीतली गाठ काढली तरी तिच्यातल्या काही पेशी आधीच निसटून हाडाबिडात जाऊन झोपलेल्या असू शकतात. (असू शकतात, आहेतच असं नव्हे, हे तू पुन्हा पुन्हा म्हणालीस.) त्यांची जनुकं तीच, फक्त वाढीच्या जनुकांवर रासायनिक खुणांची कुलपं बसलेली, आपल्या वाडीतल्या मुंबईकरांच्या बंद घरांसारखी. घर तेच, सामान तेच. आजूबाजूची हवा बदलली आणि कुलूप निघालं, की पुन्हा नांदायला सुरुवात. मला सगळं कळलं. तुझ्या काकांना मात्र जन्मभर एसटीत कंडक्टरकी केल्यामुळे अर्ध्या वाक्यावर डबल बेल मारायची सवय. त्यांनी फक्त 'झोपल्यात' एवढंच ऐकलं.

त्या दिवसापासून घरात मिक्सर बंद. वाटण पाट्यावर, तेही हळू. कुकर माळ्यावर गेला. मासेवाल्याने टेम्पोचा भोंगा वाजवला तर हे उघड्या अंगाने रस्त्यावर धावले, "वाजवू नको रे, निजल्यात त्या!" मासेवाल्याला वाटलं, आमच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या. त्याने आनंदाने दोन बांगडे जास्त घातले. (तेवढे मात्र यांनी निमूट घेतले.)

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. यांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. विठू गुरवाने विचारलं, काय मागायचं? हे म्हणाले, जागं करू नको म्हणून माग. देवाला रोज पहाटे जागं करण्यात ज्याचा जन्म गेला, तो विठू जरा गोंधळलाच. पण नारळ ठेवून त्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या माउलीच्या हाडात जी कोन निजली असतील, ती तशीच निजू देत रे म्हाराजा!" त्यावर गावकरी देवळाचं छप्पर उडेल असे ओरडले, "व्हय म्हाराजा!" झालं! तुझे काका दोन्ही हात वर करून मधे उभे राहिले, "हलू बोला, हलू!" मग अख्खा गाव कुजबुजला, व्हय म्हाराजा. मी पदर तोंडात कोंबला. हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. एवढी माणसं माझ्यासाठी आवाज दाबून उभी होती, वेदू.

तुम्हा लोकांत म्हणे दोन पक्ष आहेत: कुलूप कायमचं लावून ठेवा म्हणणारे, आणि मुद्दाम उठवून औषधाने मारा म्हणणारे. दुसऱ्या पक्षाबद्दल काकांपाशी अवाक्षर काढू नकोस. ते पुण्याला मोर्चा आणतील, अर्थात मूक.

तुझी,
सखूमावशी

ता. क. सोबत आमसुलं आहेत. प्रयोगशाळेत वाटून संपवू नकोस.

ता. क. आणखी एक. गणपतीची वाट न बघता येत्या शनिवारी ये. कंबर दुखते आहे, रात्री कूस बदलवत नाही. पाट्यावर वाटून दुखत असेल, नाहीतर दुसरं काही. यांना कळलं तर हे श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून सांग आणि मला तपासायला घेऊन चल. एकटीने जायला मला भीती वाटते गं.