झोपले, म्हणे!

४ मार्च
लाइन पुन्हा तुटली! लॅबचे रिपोर्ट वॉर्डच्या कॉम्प्युटरवर अर्धेच पोचतात. मोठ्या सिस्टर कागद घेऊन जिना चढून आल्या — "तुमच्या मशीनपेक्षा माझी चप्पल बरी!" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या भावानं करून ठेवलेला घोळ. शुक्रवारी सगळं काढून टाकू, आणि अहवालात तसं लिहू."
धाकटा जाऊन महिना झाला. तो उत्तर द्यायला येणार नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी!
मी एवढंच म्हणाले, "शुक्रवार अजून आलेला नाही."

५ मार्च
केबल ठीक. दोन्ही मशीन चालू. लाइन गप्प बसली की फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, ती बंद करतो — हे धाकट्याला माहीत होतं. म्हणून लॅबनं वॉर्डला अधूनमधून हाक मारायची, वॉर्डनं ओ द्यायची, अशी सोय त्यानं केली होती. मग तुटते कशी?
घरी आई तशीच. भिंतीकडे तोंड. तो गेल्यापासून एक शब्द नाही.

६ मार्च
सापडलं!
हाक — "जागी आहेस?" ओ — "झोपले."
आधी हसले. मग रडले. लहानपणी दिवा मालवला की तो पलीकडच्या खाटेवरून हेच विचारायचा, मी हेच सांगायचे. आई ओरडायची, "झोपलेली माणसं बोलतात होय गं?"
झोपले म्हणणारी जागीच असणार, यात न कळण्यासारखं काय आहे? गेल्या आठवड्यात आलेल्या इंजिनिअरला नाही कळलं. "मॅडम, दर वेळी ‘झोपले’ येत होतं. मला वाटलं, वॉर्डचं मशीन बंद पडतंय. म्हणून तसं आलं की लाइन तोडून नव्यानं जोडायला लावली." — आणि रिपोर्ट मध्येच लटकले!
इंजिनिअरनं घातलेली ओळ काढली. रिपोर्ट धडाधड गेले.

७ मार्च, शुक्रवार
साहेब — "बरं, चूक त्याची नव्हती. पण तो पोरखेळ काढा. ‘ओके’ लिहा."
नाही म्हटलं.
"हट्ट कशाला?"
"चालतंय ते मी मोडणार नाही. शेजारी अर्थ लिहून ठेवलाय, आता कुणी फसायचं नाही. आणि अहवालात त्याचं नाव राहू द्या. फक्त नावापुढचं घोळाचं वाक्य बदला."
बदललं! माझ्यासमोर.

८ मार्च
सुट्टी. दुपारी आईच्या दाराशी उभी राहिले. का कुणास ठाऊक, विचारलं — "जागी आहेस?"
आई, भिंतीकडे तोंड ठेवूनच —
"झोपले."