गेटासमोरचा माळ

केंदूर,
६ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
मल्हारचा सा. न. वि. वि.

तुझ्याकडून निघून शिक्रापूरवरून इथं सुखरूप पोचलो. स्कूटरनं वाटेत एकदाच दम टाकला, तोही तू बांधून दिलेल्या भाकऱ्यांच्या ओझ्यानं असं समज. आमच्या शाळेचे जुने शिपाई हौशीराम यांनी पडवी रिकामी करून दिली आहे. माझ्या टर्पेंटाइनच्या वासानं त्यांची म्हैस दोन दिवस पान्हा सोडेना, म्हणून आता मी गोठ्यापासून लांब, कांद्याच्या चाळीजवळ बसून रंगवतो. मास्तर निवृत्त झाले की असेच होतात, असं हौशीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.

दौंड सोडल्यापासून नऊ चित्रं झाली. तैलरंग थंडीत लवकर वाळत नाहीत, पांढरा तर पंधरा पंधरा दिवस ओला राहतो. बोर्ड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पेटीत खाचा करून घेतल्या आहेत. तुमच्या वडगावच्या घाटाचं चित्र हौशीरामांच्या पुतण्याच्या टेम्पोतून तुला पाठवतो आहे. पंधरा दिवस त्याला कुणी हात लावू नये.

बरं वाटतंय का, असं तू निघताना विचारलंस आणि मी स्कूटर सुरू केली. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आहे. दुखत नाही. सुषमाला जाऊन सहा महिने होतील. रंग बरोबर लागतात. चित्र झालं की पेटीत ठेवतो आणि पुढचा बोर्ड काढतो. थांबलो तर काय होईल ते माहीत नाही, म्हणून थांबत नाही.

मोबाइल दौंडला कपाटातच आहे. स्वप्नालीनं विचारलं तर पप्पा ठीक आहेत म्हण. दाजींना नमस्कार. तुझी माया आहेच, माझ्या न बोलण्यावर ती रुसू देऊ नकोस.

तुझा,
मल्हार


वडगाव रासाई,
१५ जानेवारी २०२५

चि. मल्हारास,
गिताबाईचे अ. उ. आ.

पाकिटात चार दाणे तिळगूळ टाकला आहे. पोचेपर्यंत भुगा होईल, तोच गोड मानून घे.

चित्र पोचलं. हात लावू नका असं मी म्हणेपर्यंत तुझ्या दाजींनी आभाळात अंगठा घातलाच. सोसायटीच्या कागदावर उठवतात तसा ठसा उठला आहे. वर म्हणतात, वाळवून पाठवायला मास्तरला काय झालं होतं. आता येईल त्याला ठसा दाखवतात आणि निम्मं चित्र आपण काढलं म्हणून सांगतात.

चित्र खरं आहे. घाट आहे, पलीकडचा ऊस आहे, पाण्यात सोडलेला मोटारीचा पाइपसुद्धा आहे. पण माणूस कुठंच नाही. आमच्या घाटावर सकाळी दहा बायका धुण्याला असतात. त्यांना तू कुठं हाकललंस?

रविवारी स्वप्नाली येऊन गेली, तिच्या त्या प्रांजलच्या गाडीवर. शिरूरच्या खोलीत दोघी राहतात, रांजणगावला कंपनीची बस नेते-आणते. पोर वाळली आहे. तुझं चित्र बराच वेळ बघत उभी राहिली. कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली की छान आहे, पप्पांचा हात चांगलाच आहे. मग चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

केंदूरहून रांजणगाव तासाभराची वाट. तू सबंध जिल्हा रंगवत फिरतोस आणि पोटच्या पोरीकडे जायला तुला रस्ता सापडत नाही? मी दुसरीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं. खरं कारण लिही. उगाच रंग वाळत नाहीत म्हणून लिहू नकोस.

रागावले आहे, तरी जीव आहेच तुझ्यावर. वेळेवर जेव.

तुझी,
आक्का


केंदूर,
२२ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. भुगाच झाला होता, खाल्ला.

खरं कारण लिहितो. आषाढात सुषमा दौंडला दवाखान्यात होती. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या घरी सोडू. सुषमा हसून बोलत होती. स्वप्नाली सुट्टी काढून आली होती. दोघींनी मिळून मलाच बाहेर काढलं. आठ दिवस खुर्चीला चिकटून बसला आहात, जरा मोकळ्या हवेत जाऊन या, म्हणाल्या. पावसाची उघडीप होती. मी पेटी घेऊन भीमेवर गेलो. स्कूटरनं वीस मिनिटं.

साडेपाचला ऊन पडलं. गढूळ पाण्यावर तसं ऊन मी आयुष्यात पाच-सहा वेळा पाहिलं असेल. फोन वाजला तेव्हा दोन्ही हात रंगानं भरले होते. हा रंग नुसत्या पाण्यानं जात नाही. आधी रॉकेलची चिंधी, मग साबण, यात दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात ऊन जातं. मी म्हटलं, एवढं पाणी रंगवतो आणि मग फोन करतो. पुन्हा वाजला. चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो की उजेड कुणासाठी थांबत नाही, हात चालवा. मीही चालवला. हात पुसून बघितलं तेव्हा अकरा फोन येऊन गेले होते, सगळे स्वप्नालीचे.

मी पोचलो तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती. मम्मी गेली, एवढंच म्हणाली. तिनं मला काही विचारलं नाही आणि मी तिला काही विचारलं नाही. तेव्हापासून जेवलात का, जेवलीस का, एवढंच आमचं बोलणं. शेवटी काय झालं, सुषमा काय बोलली, मला अजून माहीत नाही. मी ते विचारलं तर ती फोनचं विचारेल. आणि मी तिला काय सांगू, की ऊन फार चांगलं पडलं होतं?

हे वाईट आहे हे मला कळतं, आक्का. फक्त जाणवत नाही. मला जाणवायला हवं होतं.

लिहून टाकलं. आता तुझा जीव उडाला तरी मी बोल लावणार नाही.

मल्हार


वडगाव रासाई,
३० जानेवारी २०२५

चि. मल्हारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. दाजींनी विचारलं, तर म्हैस आता दूध देते म्हणून सांगितलं.

तुला रागवायला बसले होते, पण दुसरंच सुचतं आहे. पंचावन्न वर्षं सांगायचं राहिलं आहे. तू सहा वर्षांचा होतास, आजीजवळ केंदूरला शाळेत. मी नऊ वर्षांची, आई-आबांबरोबर मेंढरांमागं. आपला धाकटा भाऊ पाच महिन्यांचा असताना वाटेत तापानं गेला, एवढंच तुला ठाऊक आहे. तो गेला तेव्हा माझ्या मांडीवर होता. आई पाण्याला गेली होती आणि आबा रानाच्या मालकाशी बोलायला. मला वाटलं, झोपला.

रांजणगावच्या अलीकडच्या माळावर आपला तळ होता. आबांनी खड्डा घेतला, पोराला ठेवलं, माती लोटली आणि दिवस मावळायच्या आत त्याच जागेवर मेंढरं बसवली. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. सकाळी मेंढरं उठली तेव्हा सगळं रान असं एकसारखं तुडवलेलं होतं, की जागा कुठली ते मलाही ओळखता येईना. मालकाला खत मिळालं आणि आपण पुढच्या तळाला निघालो. आई-आबा पुन्हा त्याच्याविषयी कधी बोलले नाहीत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांना पुढं जायचं होतं, मेंढरांना चारा हवा होता. पण माझ्या मांडीवर काय झालं ते मला कुणीच विचारलं नाही. मी वाट बघितली. पुढच्या तळाला विचारतील, त्याच्या पुढच्या तळाला विचारतील. आबा म्हातारे होऊन गेले, आई गेली. मी अजून त्या माळावर पाय पसरून बसलेली आहे, मल्हार.

मला त्या जागेचं चित्र हवं आहे. स्वप्नालीच्या कंपनीच्या गेटासमोर उभं राहून मावळतीला बघितलं की दोन टेकाडं दिसतात, त्यांच्या पायथ्यापासून गेटापर्यंत सगळा आपला तळ होता. तिथं आता गवत असो नाहीतर गोदाम, जे असेल ते काढ. गेटासमोर मी तुला मुद्दाम बसवते आहे हे तू ओळखशीलच. ओळख. मी लपवत नाही.

तू माझा भाऊ आहेस, हे त्या अकरा फोनांनी बदलत नाही.

तुझी,
आक्का


केंदूर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

सोमवारी गेलो, गुरुवारी पुन्हा गेलो. टेकाडं आहेत. एक मुरुमासाठी निम्मं खणून नेलं आहे. खाली कंपनीच्या बस उभ्या करायची जागा आहे, तिथं वाळलेलं गवत आणि ऑइलचे डाग आहेत. वॉचमन चांगला माणूस, मला सर्व्हेवाला समजून त्यानं खुर्ची आणून दिली. दोन्ही दिवस पहिली पाळी सुटायच्या आधी मी पेटी न उघडताच परत आलो.

पुन्हा जाईन की नाही, सांगता येत नाही. पण तुझ्या मांडीवर काय झालं ते मला लिही. तो कसा दिसत होता, तुला कधी कळलं, तू हाक मारलीस का, सगळं लिही. उशीर झाला आहे, तरी मी विचारतो आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
मल्हार


शिरूर,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
स्वप्नालीचा शि. सा. न.

मला पत्र लिहायची सवय नाही, मायना पप्पांना विचारून घातला आहे. फोनवर तुझ्याशी हे बोलता आलं नसतं.

शुक्रवारी तीन वाजता पाळी सुटली. बसकडे येत होते, तर समोर पप्पा खुर्चीवर, पुढं बोर्ड लावलेला. हाताला रंग. कंपनीतली मुलं मोबाइलवर फोटो काढत होती. मी मागं जाऊन उभी राहिले. चित्रात टेकाडं झाली होती, गवत झालं होतं, बस अर्धवट होती. पप्पांना कळलं मी आहे, पण त्यांनी मान वळवली नाही. ब्रश मात्र थांबला. ऊन चांगलं होतं, आत्या, मलासुद्धा कळत होतं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. चित्र तसंच राहिलं, ते अर्धंच तुझ्याकडे येईल.

बसचा हॉर्न वाजला. प्रांजलनं हाक मारली, मी तिला जा म्हणून खूण केली. मग पप्पांनी समोर बघतच विचारलं, की त्या दिवशी दवाखान्यात तुझ्यावर काय काय आलं, ते पहिल्यापासून सांग.

मी सांगितलं. मम्मीला दम लागला, नर्स धावत आली, मला बाहेर जा म्हणाले, मी गेले नाही. आणि सात महिने त्यांच्यापासून लपवलेलं तेही सांगितलं. मी पहिला फोन लावला तेव्हा मम्मीनं माझा हात धरला होता. ती म्हणाली, त्यास्नी फोन नगं लावू गं, उजेड हाय तवर काढू दे त्यास्नी. त्यांचा राग आला होता म्हणून मी हे सांगितलं नव्हतं. ते ऐकून त्यांना हलकं वाटेल, आणि त्यांना हलकं वाटू नये असं मला वाटत होतं. हेसुद्धा मी त्यांच्या तोंडावर बोलले.

पप्पा रडले नाहीत. तू विचारशील म्हणून लिहिते. मीही नाही. वॉचमनकाकांनी दुसरी खुर्ची आणून ठेवली तेव्हा मी बसले. दुसऱ्या पाळीची माणसं आत गेली होती, रस्ता मोकळा झाला होता. मग पप्पांनी विचारलं, की कितव्या फोनापर्यंत मम्मी होती.

मी म्हणाले, चौथ्या. त्याच्या पुढचे मी माझ्यासाठी लावत होते.

मामांना नमस्कार. जमलं तर मलाही पत्र लिहीत जा, वाचायला आवडेल.

तुझी,
स्वप्नाली