साडेसहाचं गाणं

४ मार्च, सोमवार

खोकं आलं! चिरंजीवांनी पाठवलंय. परवा फोनवर मी सहज म्हटलं, घर फार गप्प झालंय रे — तर यांनी स्पीकरच पाठवले. एक नाही, तीन! बैठकीला एक, स्वयंपाकघरात एक, तिसरा त्यांच्या खोलीत. त्यांच्या म्हणजे चिरंजीवांच्या आणि सूनबाईच्या. आता ती खोली दोघांचीही नाही. तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, ती इथेच पण भाड्याच्या खोलीत. कागदांवर सह्या होऊन गेल्या. खोली बिचारी आहे तिथेच आहे.

डबे गोंडस आहेत. बरणीएवढे, वर राखाडी कापड चढवलेलं. उलटेपालटे करून पाहिले. बटण नाही, खटका नाही, पिळायला काही नाही! पाठीमागे टाचणी जाईल एवढं एक भोक, बस्स. वायर खोचली तर एक पांढरा दिवा लुकलुकायला लागला. मी त्याची वाट बघतेय, तो माझी बघतोय. शेवटी उठून भांडी घासली.

५ मार्च, मंगळवार

माहितीपत्रकात शब्द कमी, चित्रंच फार. पहिल्या चित्रात स्पीकर. दुसऱ्यात मोठ्या काचेचा मोबाइल. तिसऱ्यात घरातली सगळी माणसं हसतायत. म्हणजे मधलं चित्र तुमच्याकडे नसेल तर हसायचं नाही!

माझा मोबाइल बटणांचा. दाबलं की दाबल्याचं बोटाला कळतं, मला तेवढं पुरे. तरी नेऊन धरला डब्यासमोर. ढिम्म.

मग मदतीच्या नंबरला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' — भरून ठेवलेला आवाज. 'महत्त्वाचा' म्हणताना बाईचा श्वास चुकलाय. मला लगेच कळतं. उभी नोकरी बस स्टँडच्या घोषणाकक्षात काढलीय मी! निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी माझाही आवाज भरून घेतला. सगळी गावं, सगळे फलाट, आकडे सुटे सुटे. अजून तोच वाजतो. मागे वाण्याकडे एक बाई म्हणाल्या, आत्ता तर तुम्हाला स्टँडवर ऐकलं, इतक्यात इथे कशा पोचलात? मला हसू आवरेना.

७ मार्च, गुरुवार

डोक्यातून जात नाही. गाणं वाजवायला डबा आहे, वीज आहे, वायफाय आहे (चिरंजीवांच्या काळचं, अजून बिल भरतेय) — मग फोन कशाला मध्ये? वरच्या मजल्यावरच्या शिंपीदादांना विचारलं. ते म्हणाले, डबा म्हणजे नुसतं तोंड, डोकं फोनमध्ये. म्हटलं, मग तुमचं डोकं द्या घटकाभर. तर कात्री खाली ठेवून म्हणाले की ज्याच्या फोनवरून लावाल त्याचाच हुकूम चालणार, पुढे कायम. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात यांच्या कुस्तीच्या बातम्या? नको रे बाबा!

पण विचार आला. आपल्या घरात कोणाचा हुकूम चाललेला चालेल आपल्याला?

१० मार्च, रविवार

सूनबाई आली होती. (आता काय म्हणायचं तिला? मला दुसरं काही म्हणवत नाही.) उरलेले कपडे न्यायला आली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती — आली की आधी माझ्याच चष्म्याच्या काचा पुसते. आजही पुसल्या. बोलली मात्र बेताचं. मीही बेताचंच. पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली होती, ते मला बघवेना.

तेवढ्यात तिला लुकलुकणारा दिवा दिसला. 'हे काय आई?' झालं! बॅग तिथेच राहिली. फोन काढला, खाली बैठक मारली. वायफायचा पासवर्ड तिला अजून पाठ! मी शेजारी बसून सगळं बघितलं. फोन डब्याला हाक मारतो, डबा ओ देतो, मग फोन विचारतो की हा कुठल्या खोलीतला. ती म्हणाली की फोन दुसरा आला तर हे पुन्हा करावं लागेल, तोवर माझ्यावर असू दे. बैठक झाली, स्वयंपाकघर झालं. तिसऱ्या खोलीला बोट थांबलं तिचं.

'रिकामी असं लिहू का?'

'तुझी आहे, तुझी लिही.'

तिने काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही, मी विचारलं नाही. मग तिची गाणी तिन्ही डब्यांतून एकदम सुरू झाली — घरभर! बराच वेळ दोघी नुसत्या ऐकत बसलो. फोनवर आणखी काय काय करून बघत होती, हे असं चालतं, ते तसं चालतं. जाताना 'येते' म्हणाली. म्हणण्याची रीत असते, म्हणून म्हणाली असेल.

११ मार्च, सोमवार

सकाळी साडेसहाला घर गायला लागलं! मी अंथरुणातच. आधी दचकले, मग कळलं — अगंबाई, ही तर तीच! तिने तिथून लावलं! कुठे तिची ती खोली आणि कुठे माझं घर. म्हणजे उठल्या उठल्या माझी आठवण काढली. सकाळभर मला कशाचं काही वाटेना, दूध उतू गेलं तरी.

१२ मार्च, मंगळवार

आजही.

१५ मार्च, शुक्रवार

रोज साडेसहा. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. इथे होती तेव्हा आठ वाजता हाका मारून उठवावी लागायची! एकटी राहायला लागल्यापासून शिस्त आली पोरीला.

गाणं रोज निराळं. त्यावरून मला तिचं कळतं. काल नुसती बासरी होती, उदास — दुकानात कोणी बोललं असेल. आज उड्या मारत होतं, म्हणजे बरं आहे. आम्ही बोलत नाही, पण बोलणं चालू आहे. मी फोन करत नाही. केला आणि ती संकोचली तर? हे असंच राहू दे.

शिंपीदादांना सांगितलं तर म्हणाले, 'नशीबवान आहात.' आहेच मुळी.

१९ मार्च, मंगळवार

चिरंजीवांचा फोन. स्पीकर लागले का विचारलं. मी उत्साहाने सांगून टाकलं सगळं. मग म्हणाला, तिच्या फोनवर आहे म्हणजे तिच्या ताब्यात आहे, असं नसतं ठेवायचं. शनिवारी येतोय, सगळं पुसून नव्याने लावतो. मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं, की डबा कोरा.

मी 'बरं' म्हटलं. काय म्हणणार? त्याचा राग मला कळतो. पण पुसलं की साडेसहाचं गाणं गेलं. तेवढीच तर उरलीय ती माझ्याकडे.

२३ मार्च, शनिवार

आला. वाळलाय. जेवला आणि झोपला. मी टाचण्यांची डबी माळ्यावर टाकून दिली. वेड्यासारखं केलं, माहीत आहे.

२४ मार्च, रविवार

साडेसहाला गाणं लागलं तेव्हा तो चहा पीत होता. मी म्हटलं, बघ, उठली ती. तो बघतच राहिला माझ्याकडे. मग फार हळू बोलला, लहान मुलाशी बोलावं तसं.

'आई, हे कोणी लावत नाही. गजर आहे हा. एकदा वेळ घालून ठेवली की फोन आपोआप रोज लावतो, गाणंही तोच निवडतो. ती आत्ता झोपलेली असेल.'

मला पटेना. मी म्हटलं, मी विचारते तिला. नऊ वाजेपर्यंत कसाबसा दम धरला आणि फोन लावला. ती खरंच ओशाळली. त्या दिवशी दाखवता दाखवता वेळ घालून बघितली होती, काढायची राहून गेली. म्हणाली, 'रोज तुमची झोपमोड होत होती ना? लगेच बंद करते आई. माझ्या लक्षातच नाही.' मी म्हटलं, हो, कर बंद. दुसरं काय बोलणार होते? झोपमोड नाही गं, मी त्यावर जगत होते — असं फोनवर सांगायचं?

आणि मला कळू नये? मला! माझाच आवाज रोज स्टँडवर गाड्या सोडतो आणि मी इथे पालेभाजी निवडत असते. रोज मिनिटाला मिनिट वेळेवर येणारी गाडी बघितलीय का कधी मी? तिथेच शंका यायला हवी होती. बासरी म्हणे उदास! कोणी उदास नव्हतं. फार लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

चिरंजीवाने आपला फोन काढला. पुसण्यासाठी फोनवर तिन्ही डबे शोधले. पडद्याकडे बघत राहिला. मी डोकावले. बैठक, स्वयंपाकघर — आणि तिसऱ्यासमोर लिहिलं होतं 'माझी'. त्याने फोन खिशात घातला. टाचणी मागितलीच नाही.

२५ मार्च, सोमवार

साडेसहा. काही नाही.

२६ मार्च, मंगळवार

तो परत गेला. जाताना त्याचा जुना मोबाइल देऊन गेला, काचेचा. आई, तुझं घर आहे, तूच ठरव, म्हणाला. पुसायचं तर पूस, नाही तर नको. बसमध्ये चढताना पाठमोरा होता तेव्हा वर माझाच आवाज घुमत होता, फलाट क्रमांक चार. ऐकून आम्ही दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

२९ मार्च, शुक्रवार

घर पुन्हा गप्प. आधी होतं त्याहून जास्त वाटतं.

काचेच्या फोनशी झटापट. बोट ठेवावं एकीकडे, उघडतं तिसरंच! शिंपीदादांनी बसून स्पीकरचं ते अ‍ॅप घालून दिलं. पुढचं माझं मी करीन म्हटलं. उघडलं तर पहिलाच प्रश्न — नवीन घर तयार करायचंय, की असलेल्या घरात सामील व्हायचंय?

काय विचारतं बघा! साधं यंत्र ते. फोन पालथा घालून ठेवला.

३० मार्च, शनिवार

दिवसभर तोच प्रश्न. नवीन घर म्हणजे टाचणी, दहा सेकंद, सगळं कोरं. मग मीच मालकीण, माझीच गाणी. सोपं आहे. टाचण्यांची डबी माळ्यावरून काढली, एक हातात घेतली. स्वयंपाकघरातला डबा उलटा केला.

मग परत ठेवला. 'असलेल्या घरात' दाबलं. तर म्हणतं, घराच्या मालकाची परवानगी लागेल, विनंती पाठवू? माझ्याच घरात यायला परवानगी! हसू आलं. मालक कोण, ते फोनला माहीत आहे. पाठव म्हटलं.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. तिला ओझं वाटलं असेल. झालं ते झालं, लग्न मोडलं तिथे सासू कशाला शिल्लक राहील? तिने नाही म्हटलं तरी मी रागावणार नाही. पण तिने निदान बघावं.

३१ मार्च, रविवार

दुपारी तीन-सव्वातीन. भांडी आवरत होते. गाणं! बैठकीत नाही, स्वयंपाकघरात नाही. फक्त त्या खोलीत. दारात जाऊन उभी राहिले, हात ओलेच. ही वेळापत्रकातली नव्हे. ही जादा गाडी — कोणीतरी मुद्दाम सोडलेली.