‘दौलत इलेव्हन’ची निरवानिरव

मी, दौलत नामदेव हिप्परकर, वय एकेचाळीस, मूळ गाव जत तालुक्यात, सध्या मुक्काम खोर फक्कान बंदराची कामगार वसाहत, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहून ठेवतो. गेली सहा वर्षं ते ठिकाणावर नव्हतं, हे आधीच कबूल. मी स्वतः धडधाकट आहे. मरतो आहे तो माझ्यातला ‘दौलत इलेव्हन’चा मालक. मोबाइलवर खऱ्या क्रिकेटपटूंतून अकरा जण निवडायचे, ते मैदानात खेळतील तसे आपल्याला गुण, असा तो खेळ. एक दिरहम कधी लावला नाही. अक्कल मात्र सगळी लावली.

कलम १. सदर टीम, तिचा पासवर्ड आणि खेळाच्या ग्रुपचं ॲडमिनपद खोलीतला सोबती अर्सलान मुकादम याला. "भाईजान, कॅप्टन कोण ठेवू?" असं त्याने मला विचारायचं नाही. विचारलं तर मी सांगेन, म्हणून.

कलम २. खेळपट्ट्यांच्या नोंदींच्या चार वह्या रद्दीत द्याव्यात. पाचवी वही माझी पत्नी दर्शना हिने सुपरवायझरच्या परीक्षेसाठी पाठवली होती. ती कोरी आहे. ती मी ठेवून घेतो. "तुमच्या विकेटकीपरचा गुडघा कधी दुखावला ते तुम्हाला पाठ. माझी कंबर कधीपासून दुखतेय, सांगा बरं?" असं तिने फोनवर विचारलं होतं. मी स्कोअर बघत होतो. उत्तर अजून द्यायचं आहे.

कलम ३. ज्या फिरकी गोलंदाजाला मी सलग नऊ सामने कॅप्टन केलं आणि ज्याने नऊही वेळा माती खाल्ली, त्याला काहीही मिळणार नाही. शिव्यासुद्धा नाहीत, त्या देऊन झाल्या.

कलम ४. मूळ कारण हे. जहाजावर कंटेनर बांधणाऱ्या आमच्या टोळीतून दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या अकरा जणांची यादी रोज संध्याकाळी साडेपाचला मी बसच्या ग्रुपवर पाठवतो. भारतातला सातचा टॉस इथे साडेपाचलाच होतो, म्हणून खेळातली टीमही मी तेव्हाच खेळाच्या ग्रुपवर टाकायचो. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दोन्ही याद्या घाईने टाकल्या, त्या उलट्या ग्रुपवर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवाला यहया वसाहतीच्या गेटवर परदेशी फलंदाजांची नावं पुकारत उभा राहिला. शेवटी दिसेल त्याला "यल्ला, बैठो!" म्हणून त्याने बसमध्ये घातलं. त्यात नवा शर्ट घालून पेढे आणायला निघालेले आमच्या टोळीतले रामेश्वरमामा गेले. त्या दिवशी मीच त्यांना सुट्टी दिली होती. त्यांच्या मुलीचा, शुभ्राचा, साखरपुडा ते फोनवर बघणार होते. कामाला नाही म्हणणं मामांना जमत नाही, आणि धक्क्यावर फोन नेता येत नाही. परतले तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते. बस सुटली तेव्हा मी खोलीत, आपली टीम ग्रुपवर गेलीच कशी नाही, म्हणून अर्सलानवर ओरडत होतो! यंदाच्या परीक्षेतून साहेबांनी माझं नाव कापलं. बरोबरच केलं. पण मामा मला एक शब्द बोलले नाहीत, ते सहन होत नाही.

कलम ५. ड्युटी सुटल्यानंतरचे रोजचे चार तास ही माझी उरलेली मिळकत. पुढच्या वर्षीच्या परीक्षेसाठी निम्मे पाचव्या वहीला, निम्मे दर्शनाला.

हे सर्व मोठ्याने वाचून दाखवल्यावर मामांनी पेन हातात घेतलं नाही. "आधी उद्याची यादी वाच," म्हणाले. मी अकरा नावं वाचली, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट. "परत वाच." परत वाचली. त्यात मामांचं नाव नव्हतं. उद्या शुभ्राचं लग्न आहे. मग त्यांनी सही केली.

साक्षीदार: रामेश्वर तिडके (सही)
अर्सलान मुकादम (सही)
लिहून ठेवणार: दौलत नामदेव हिप्परकर (सही)

खोर फक्कान, ७ मे २०२६, संध्याकाळी पावणेसहा. टॉस कोणी जिंकला, माहीत नाही.